गाडीची धुरा आणि स्त्रीचा हात

कांहीं समजुती अशा असतात कीं, त्यांना पुरावा कोणी मागत नाहीं. घरांतील जुन्या भांड्यांप्रमाणें त्या एका पिढीकडून दुसरीकडे जातात आणि वापरून वापरून गुळगुळीत होतात. "बायकांना गाडी हांकतां येत नाहीं" ही त्यांतलीच एक. बैलगाडी होती तेव्हां ती बैलगाडीविषयीं होती. मोटार आली तेव्हां ती मोटारीविषयीं झाली. आज ती दुचाकीपासून आगगाडीपर्यंत सर्व वाहनांना लागू केली जाते. रस्त्यावर एखाद्या पुरुषाची गाडी आडवी घुसली, तर लोक म्हणतात, "काय बेपर्वा माणूस आहे !" तीच चूक स्त्रीच्या हातून झाली, तर म्हणतात, "बाई आहे, दुसरें काय व्हायचें ?" पहिल्या वाक्यांत दोष एका माणसाचा असतो, दुसऱ्यांत तो अर्ध्या मनुष्यजातीचा ठरतो.

या समजुतीचा निवाडा थट्टेनें होणार नाहीं आणि चिडूनही होणार नाहीं. इतिहास काय सांगतो तें पाहावें लागेल. तसें पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. स्त्रीनें वाहन चालवूं नये हा निकाल फार जुना आहे. परंतु त्याचीं कारणें मात्र वेळोवेळीं बदललेलीं आहेत. एक कारण खोटें ठरलें कीं त्याच्या जागीं दुसरें येऊन बसतें, आणि निकाल होता तेथेंच राहतो. ज्या निकालाला नित्य नवें कारण शोधावें लागतें, तो निकाल कारणावरून दिलेला नसतो, हें उघड आहे.

आरंभ अगदीं जुन्या काळापासून करतां येईल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ वें सूक्त मुद्गल आणि मुद्गलानी या दांपत्याविषयीं आहे. तो प्रसंग रथांच्या शर्यतीचा आहे कीं गाई जिंकून आणण्याच्या झुंजीचा आहे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण रथावर सारथ्य करीत होती ती मुद्गलानी, आणि जयही तिच्या सारथ्यानेंच मिळाला, याविषयीं सूक्ताचे शब्द स्पष्ट आहेत. रामायणांत घायाळ झालेल्या दशरथाला कैकेयीनें रणांतून बाहेर काढलें आणि त्याबद्दल तिला दोन वर मिळाले. महाराष्ट्रांत घरोघर सांगितल्या जाणाऱ्या कथेंत तर तिनें रथाच्या आंसांत आपला हात घालून रथ सांवरला. पुढें त्या वरांचें तिनें काय केलें, यासाठीं तिला दोष देणारे पुष्कळ आहेत; परंतु तिला रथ सांवरतां आला नाहीं, असें कोणीही म्हटलेलें नाहीं.

भाषेची साक्षही याच बाजूची आहे. घराचा कर्ता गेला आणि मागें राहिलेल्या बाईनें संसार सांभाळला, तर "तिनें घराची धुरा उचलली" असें मराठींत सहज म्हणतात. धुरा म्हणजे गाडीची धुरा, आणि वऱ्हाडांत गाडी हांकणाराला धुरकरी म्हणतात. आजचें वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच घराण्याच्या नंदिवर्धन येथील दुसऱ्या शाखेंत, चौथें शतक संपतां संपतां, दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिनें आपल्या अल्पवयी मुलांच्या वतीनें राज्य चालविलें. तिनें दिलेले ताम्रपट आजही उपलब्ध आहेत. "प्रभावतीनें राज्यशकट हांकला" असें लिहितांना कोणाही इतिहासकाराची लेखणी अडखळत नाहीं. शकट म्हणजे तरी गाडीच ! राज्याची आणि संसाराची गाडी स्त्रीच्या हातीं शोभते. संशय येतो तो लाकडाच्या आणि लोखंडाच्या गाडीविषयीं. हा संशय कोठून आला, हें समजण्यासाठीं वऱ्हाडांतील बैलगाडीकडे वळावें लागेल.

वाशिम हा कापसाचा मुलूख. इंग्रजी अमलांत बासीम या नांवानें त्याचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोल्यांत घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा जिल्हा झाला. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोंचला. तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेनें गेला. दक्षिणेकडील कारंजा, मंगरूळपीर आणि वाशिम हे बाजार त्यापासून दूर राहिले. साहजिकच या भागांतला कापूस बैलगाड्यांतूनच बाहेर जाई. पुढें मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा लोहमार्ग झाला. त्यावरची गाडी 'शकुंतला' या नांवानें प्रसिद्ध झाली आणि १९९४ सालापर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धांवत होती. गाडीला स्त्रीचें नांव मिळालें. इंजिनावर मात्र पुरुषच असत.

या कापसाच्या व्यवहारांत कामाची वांटणी कशी होती, तें लक्षांत घेण्यासारखें आहे. निंदणी आणि वेंचणी हीं बहुतांशीं स्त्रियांचीं कामें. उन्हांत वांकून, बोंडांच्या कांट्यांनीं बोटें ओरबाडून घेत त्यांनीं कापूस गोळा करावयाचा. आणि तो गाडींत भरला कीं कासरा पुरुषाच्या हातीं जावयाचा. गाडी बाजारांत जो नेई, तोच भाव ठरवी आणि पैसे मोजून घेई. कासरा आणि कसा हीं दोन्ही एकाच हातांत राहत असत. म्हणून गाडी कोणीं हांकावी हा प्रश्न केवळ कौशल्याचा कधींच नव्हता. बाजार पाहणें, वाटा ठाऊक असणें, चार माणसांशीं व्यवहार बोलणें आणि पैसा हातीं येणें हें सारें त्या जागेवर अवलंबून होतें. त्या जागेवर बसण्याची जिला रीत नव्हती, तिला ती कला येत नाहीं असें म्हणणें सोयीचें झालें. पुरुषमाणूस घरीं नसेल त्या दिवशीं स्त्रीनें बैल जुंपले तर ती अडचणीची गोष्ट समजली जाई. तिच्या अंगच्या गुणाची म्हणून ती कोणी मोजीत नसे.

ही कला तिला येते कीं नाहीं, याचें उत्तर वऱ्हाडांतच मिळतें. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर येथील शंकरपट प्रसिद्ध आहे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलकी गाडी, उधळलेले बैल आणि थोड्याच सेकंदांत संपणारी धांव. बैल सरळ रेषेंत ठेवण्यासाठीं मनगटांत ताकद लागते, आणि ताकदीपेक्षां अधिक लागते ती बैलांची ओळख. या पटांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र शर्यत होत आलेली आहे, आणि शेतकरी घरांतल्या बायका तेथें धुरकरी म्हणून उतरतात. पाहणारांना त्याचें नवल वाटतें. वास्तविक गोठ्यांतल्या त्याच बैलांना वैरण-पाणी देणारी हीच स्त्री असते. बैल तिचा आवाज ओळखतात. नवल वाटावयाचें असेल तर तें इतकी वर्षें तिला कासरा दिला गेला नाहीं याचें वाटावें.

बैलगाडीची ही गोष्ट मोटारीला लागू नाहीं, असें कोणी म्हणेल. मोटार हें यंत्र आहे, आणि यंत्र हा पुरुषाचा प्रांत आहे, हा पुढचा आक्षेप. त्याचें उत्तर मोटारीच्या जन्मकथेंतच आहे. जर्मनींत कार्ल बेंझ यानें मोटार तयार केली. पण ती दूरच्या प्रवासाला उपयोगी पडेल यावर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बर्था ही नवऱ्याला न सांगतां दोन मुलांसह ती गाडी घेऊन निघाली आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर गेली. वाटेंत इंधन संपलें, तेव्हां तिनें औषधाच्या दुकानांतून तें विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ब्रेक झिजले, त्यांवर चांभाराकडून कातडें ठोकून घेतलें. चढावर गाडी दमते असें तिला आढळलें, आणि परत आल्यावर तिच्याच अनुभवावरून गाडींत आणखी एका गिअरची सोय झाली. जगांतील मोटारीचा पहिला लांबचा प्रवास, वाटेवरची पहिली दुरुस्ती आणि चालकाच्या अनुभवावरून झालेली सुधारणा, या तीनही गोष्टी एका स्त्रीच्या नांवावर आहेत.

त्यानंतर मोटारी वाढल्या आणि स्त्रियांविरुद्ध पहिलें कारण पुढें आलें तें शक्तीचें. त्या काळीं इंजिन सुरू करण्यासाठीं पुढच्या बाजूस हँडल मारावें लागे. तें उलट फिरलें तर भल्या भल्या पुरुषांचे हात मोडत. हें काम बाईचें नव्हे, असें ठरलें. तरीही १९०९ सालीं ॲलिस रॅम्सी ही २२ वर्षांची अमेरिकन स्त्री न्यूयॉर्कहून निघून ५९ दिवसांनीं सॅन फ्रान्सिस्कोस पोंचली. वाटेंत पुष्कळ ठिकाणीं रस्ता म्हणण्यासारखा रस्ताच नव्हता, आणि तिच्याबरोबरच्या तिघी स्त्रियांपैकीं एकीलाही मोटार चालवितां येत नव्हती. त्याच वर्षीं इंग्लंडांत डोरोथी लेव्हिट हिनें स्त्रियांसाठीं मोटारीवर पुस्तक लिहिलें, आणि मागून येणारी वाहनें दिसावींत म्हणून जवळ एक हातआरसा ठेवावा, असा सल्ला दिला. मागचें दाखविणारा आरसा मोटारींत सर्रास बसूं लागला तो त्यानंतर. पावसांत समोरची कांच पुसणाऱ्या वायपराचा हक्क तर १९०३ सालींच मेरी अँडरसन या स्त्रीनें नोंदविला होता. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत बटणानें इंजिन सुरू करण्याची सोय आली आणि हँडल मारण्याचें कारण संपलें.

कारण संपलें, पण निकाल उठला नाहीं. आतां असें सांगण्यांत येऊं लागलें कीं, शक्ति नसली तरी चालेल, परंतु स्त्रीचें मन घाबरट असतें. संकटसमयीं तिचा धीर सुटतो. याचें उत्तर पहिल्या महायुद्धानें दिलें. पुरुष आघाडीवर गेले, तेव्हां युरोपांतील स्त्रियांनीं जखमी सैनिकांच्या गाड्या तोफांच्या माऱ्यांत चालविल्या. रेडियमचा शोध लावणारी मेरी क्यूरी हिनें क्ष-किरणांचीं यंत्रें मोटारींत बसवून तीं रणांगणाजवळच्या रुग्णालयांपर्यंत नेलीं, आणि त्यासाठीं ती स्वतः मोटार चालवावयास शिकली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४५ सालीं, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिनें सैन्याच्या स्त्रीविभागांत दाखल होऊन मोटार चालविण्याचें आणि तिची दुरुस्ती करण्याचें शिक्षण घेतलें. परंतु युद्ध संपलें, पुरुष परतले, आणि कालपर्यंत ज्यांच्या हातीं जखमींचे प्राण सोंपविले होते त्यांनाच पुन्हां "तुम्हांला गाडी जमायची नाहीं" असें सांगणें सुरू झालें. संकटकाळीं अंगीं असलेलें कौशल्य शांततेंत नाहींसें होतें, असें मानण्यास कांहींच आधार नव्हता.

या प्रश्नावर भावनेनें बोलणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत. म्हणून जे केवळ पैशाच्या हिशेबानें बोलतात, त्यांची साक्ष काढणें बरें. विमा कंपन्यांना स्त्रीविषयीं आदर किंवा अनादर दाखवावयाचा नसतो. कोणाच्या गाडीसाठीं किती भरपाई द्यावी लागेल, एवढेंच त्यांना पाहावयाचें असतें. युरोपांतील अशा कंपन्या कित्येक वर्षें तरुण स्त्रियांकडून तरुण पुरुषांपेक्षां कमी हप्ता घेत असत. तरुण पुरुषांच्या हातून होणारे अपघात अधिक आणि अधिक खर्चाचे असतात, हा त्यांचा अनुभव होता. पुढें १ मार्च २०११ रोजीं युरोपीय न्यायालयानें असा निकाल दिला कीं, स्त्री किंवा पुरुष एवढ्यावरून हप्त्यांत भेद करतां येणार नाहीं. आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो भेद बंद झाला. म्हणजे कायद्याला हस्तक्षेप करावा लागला तो स्त्रियांना मिळणारी सवलत थांबविण्यासाठीं. चहाच्या घोटाबरोबर जो विनोद केला जातो, त्याच्या नेमकें उलट कंपन्यांच्या वह्यांत लिहिलेलें होतें.

यावरून स्त्रिया जन्मतःच उत्तम चालक असतात, असा उलटा सिद्धान्त काढण्याचें कारण नाहीं. वेगाचा हव्यास, मद्य, पैज आणि दांडगाई यांनीं अपघात होतात, आणि या गोष्टी तरुण पुरुषांत अधिक आढळतात, एवढेंच त्यावरून दिसतें. उलटपक्षीं, शहरांत कित्येक स्त्रिया बिचकत गाडी चालवितात, हेंही खरें आहे. पण त्याचें कारण शोधूं गेल्यास तें सरावाच्या अभावांत सांपडतें. घरांतला मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून काकाच्या गाडीला हात लावूं लागतो; तो गाडी ठोकतो, बोलणीं खातो आणि पुन्हां चालवितो. मुलगी लग्न होऊन, मुलें शाळेंत जाऊं लागल्यावर, पस्तिसाव्या वर्षीं शिकावयास बसते. शेजारीं बसलेला नवरा प्रत्येक वळणावर ओरडत असतो, आणि पहिला ओरखडा पडला कीं किल्ली खुंटीला लागते ती कायमची. अशा शिक्षणानें कोणताही पुरुष चांगला चालक झाला नसता.

आपल्या देशांत कायद्यानें ही वाट स्त्रीला कधींच बंद केलेली नव्हती. सौदी अरेबियांत स्त्रियांना मोटार चालविण्याची मनाई होती. १९९० च्या नोव्हेंबरांत कांहीं स्त्रियांनीं रियाध शहरांत मोटारी चालवून ती मोडली आणि त्याबद्दल शिक्षा सोसली. मनाई उठली ती २४ जून २०१८ रोजीं. भारतांत तशी मनाई नव्हती. रतनजी दादाभाई टाटा यांच्या पत्नी सुझान यांनीं १९०५ सालीं मोटार चालविली आणि त्या भारतांतील पहिल्या स्त्री मोटारचालक होत, असें सांगितलें जातें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत परवाना देतांना वय पाहिलें जातें, स्त्रीपुरुषभेद पाहिला जात नाहीं. तरीही केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील परवानाधारकांत स्त्रियांचें प्रमाण शेकडा ७ च्याही आंत होतें. याउलट विमानें चालविणारांत भारतीय स्त्रियांचें प्रमाण शेकडा १२ ते १५ सांगितलें जातें, आणि तें जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. सौदामिनी देशमुख यांनीं १९८० नंतरच्या दशकांत इंडियन एअरलाइन्सच्या केवळ स्त्रियांनीं चालविलेल्या उड्डाणाचें नेतृत्व केलें. ज्या देशांत स्त्री विमान चालविण्यास पुरेशी समजली जाते, तेथेंच तिला मोटार जमणार नाहीं म्हणणें हा हिशेब कोणत्याही रीतीनें जुळत नाहीं. फरक एवढाच कीं, विमान चालविण्याचा परवाना परीक्षा घेऊन मिळतो, आणि रस्त्यावरच्या लायकीची परीक्षा लोक आपल्या जिभेनें घेतात.

त्याच दशकांत मराठी मुलखांतील दोन सामान्य घरांतल्या मुलींनीं या समजुतीला आपल्या कामानें उत्तर दिलें. त्यांतील एक होती वाशिमच्या शेजारची. पैनगंगा ओलांडली कीं त्या वेळीं परभणी जिल्हा लागे. तेथील शीला डावरे ही तरुणी घरच्यांचा विरोध मागें टाकून पुण्यास आली आणि १९८८ सालीं अंगांत खाकी कपडे घालून रिक्षा चालवूं लागली. देशांतील पहिली स्त्री रिक्षाचालक म्हणून तिची नोंद झाली. आरंभीं तिला भाड्यानें रिक्षा देण्यास मालक तयार नसत. तिच्या चालविण्याची परीक्षा न घेतांच नकार ठरलेला असे. पण रिक्षांत बसलेल्या प्रवाशाला शेवटीं सुखरूप पोंचण्याशीं काम असतें. पुढें कित्येक वर्षें तिनें त्या व्यवसायावर आपला संसार उभा केला.

दुसरी सातारची. सुरेखा यादव यांचा जन्म २ सप्टेंबर १९६५ चा. कराडच्या तंत्रनिकेतनांत विजेचें शिक्षण घेऊन त्या रेल्वेंत शिरल्या, कल्याण येथें शिकल्या आणि १९८९ सालीं सहायक चालक झाल्या. प्रथम मालगाड्या, मग २००० सालीं मुंबईची स्त्रियांसाठींची खास लोकल आणि त्यानंतर घाटांतल्या गाड्या, अशा पायऱ्या त्यांनीं एकेक करून चढल्या. ८ मार्च २०११ रोजीं त्यांनीं दख्खनची राणी पुण्याहून मुंबईस नेली. ही गाडी १९३० च्या जूनमध्यें सुरू झाली. तिचें नांवही राणीचें. पण तिचें सारथ्य स्त्रीच्या हातीं येण्यास ऐंशीहून अधिक वर्षें जावीं लागलीं. बोरघाटाचा उतार ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. तेथें गाडी आंवरून धरावयाची म्हणजे बाहुबळ चालत नाहीं; सिग्नलावर नजर, ब्रेकचा अंदाज आणि शांत चित्त हींच कामास येतात. १३ मार्च २०२३ रोजीं त्यांनीं सोलापूरहून मुंबईस वंदे भारत गाडी आणली, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या सेवानिवृत्त झाल्या. पस्तीसहून अधिक वर्षें एका स्त्रीनें इंजिन चालविलें, आणि तिच्या मागच्या डब्यांतील हजारों प्रवासी निर्धास्त झोंपले.

एवढें झाल्यावरही दार सर्वांना उघडें झालें नाहीं. सर्वसामान्य महाराष्ट्राची गाडी म्हणजे एस. टी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली. पुढें स्त्रिया तींत वाहक म्हणून काम करूं लागल्या. गर्दींतून वाट काढून तिकिटें देणें, भांडखोर उतारू आंवरणें, हिशेब चुकतां करणें, हें सारें त्यांना जमलें. पण चालकाच्या जागीं स्त्री बसली ती २०२३ च्या जून महिन्यांत, अर्चना अत्राम यांनीं सासवड ते नीरा ही गाडी नेली तेव्हां. मधें बरोबर पंचाहत्तर वर्षें गेलीं. त्याआधीं तमिळनाडूंत वसंताकुमारी १९९३ पासून बस चालवीत होत्या, आणि मुंबईंत बेस्टच्या गाडीवर लक्ष्मी जाधव २०२२ सालीं बसल्या होत्या.

पंचाहत्तर वर्षें कां लागलीं, याचें उत्तर उद्बोधक आहे. "स्त्रियांना घेऊं नये" असा नियम नव्हता. नियम होता तो उंचीचा आणि जड वाहन चालविण्याच्या अनुभवाचा. अनुभव हवा असेल तर कोणीतरी मालमोटार हातीं द्यावयास हवी. मालमोटार मागावयास गेल्यास मालक अनुभव विचारणार. पुरुष या चक्रांतून क्लीनर म्हणून सुटत असे. रात्रीबेरात्रीं गाडीवर राहून, उस्तादाच्या हाताखालीं तो शिके. स्त्रीला ती वाट नव्हती. म्हणून वरून निर्दोष दिसणाऱ्या नियमानें स्त्रीला दाराबाहेरच ठेवलें. पुढें तिच्यासाठीं या अटी शिथिल झाल्या, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्यें पुण्यास माजी राष्ट्रपति प्रतिभा पाटील यांच्या हस्तें स्त्रीचालकांच्या शिक्षणाचा आरंभ झाला. त्या शिक्षणाच्या योजनेंत वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यांतील आदिवासी तरुणीही होत्या. अट सैल झाली याचा अर्थ कौशल्य सैल झालें असा नाहीं. जें पुरुषाला रस्त्यावर शिकावयास मिळत होतें, तें स्त्रीला शाळेंत शिकविलें गेलें. गाडी हातीं देण्यापूर्वीं परीक्षा होतीच.

यावरून वाशिमसारख्या जिल्ह्यापुढचा प्रश्न स्पष्ट होतो. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें येथील लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि पांचांपैकीं चार माणसें खेड्यांत राहणारीं. २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासासाठीं निवडलेल्या महाराष्ट्रांतील चार आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला. याच जिल्ह्यांतून, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगांव या तालुक्यांमधून, नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग जातो. त्याचा शिर्डीपर्यंतचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. एवढा रस्ता दाराशीं आला. पण रस्ता आपण होऊन कोणाला कोठें नेत नाहीं. ज्याला वाहन चालवितां येतें त्यालाच तो जवळ असतो. ज्या घरांत गाडी आहे, पण ती पुरुषाखेरीज कोणालाच येत नाहीं, त्या घरांत पुरुष बाहेरगांवीं गेला कीं गाडी हें अंगणांत उभें असलेलें लोखंड होतें. रात्रीं मूल तापानें फणफणलें किंवा सुनेला कळा लागल्या, तर रुग्णालय पंधरा कोसांवर असो कीं पांच कोसांवर, दोन्ही सारखेंच दूर.

आणि कासरा व कसा यांचा जुना संबंधही अजून तुटलेला नाहीं. बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आणि छोटी मालमोटार आली. वेंचणी मात्र अजून बहुतांशीं बायकाच करितात. जिला आपला माल आपण बाजारांत नेतां येईल, तिला भाव विचारतां येईल, आणि भाव न पटल्यास गाडी फिरवून दुसऱ्या बाजारांतही नेतां येईल. जिला तें येत नाहीं, तिच्या कष्टाचा पैसा दुसऱ्याच्या हातून, आणि त्यानें दिला तेवढाच, तिच्याकडे येणार. "बायकांना गाडी येत नाहीं" हें वाक्य विनोदाचें वाटतें. परंतु त्याची किंमत अशी रोकड मोजावी लागते, आणि ती मोजणारी स्त्री बहुधा तो विनोद ऐकण्यास हजरही नसते.

शक्तीचें कारण बटणानें संपविलें; घाबरटपणाचें कारण युद्धानें संपविलें; यंत्राचें कारण बर्था बेंझ हिनें तें निघण्यापूर्वींच संपविलें होतें; अनुभवाचें कारण शाळा काढल्यावर संपलें. राहिली ती केवळ संवय. संवय बदलण्यास कायदा लागत नाहीं आणि फारसा खर्चही लागत नाहीं. मुलाला ज्या वयांत गाडीची किल्ली दिली जाते, त्याच वयांत, परवाना काढून, ती मुलीलाही द्यावी. तिची पहिली चूक मुलाच्या पहिल्या चुकीइतकीच क्षम्य समजावी. आणि रस्त्यावर कोणाची गाडी वांकडी गेली तर चालक कोण आहे हें पाहण्याआधीं तो कसा चालवितो हें पाहावें. एवढें झालें म्हणजे कोणाला गाडी येते आणि कोणाला येत नाहीं, याचा निकाल रस्ता आपोआप देईल. आणि तो निकाल देतांना रस्ता स्त्री कीं पुरुष हें विचारणार नाहीं.